पडण्याची चौकशी

सिनेमातला माणूस हवेत असायचा. दोन्ही पाय वर, टोपी त्याहून वर, आणि आपलं काय होतंय हे अजून कळलेलं नाही असा चेहरा. नेमक्या त्या क्षणाला काका रिमोट धरलेला हात खांद्याच्या रेषेत ताठ पुढे करत, गार्ड झेंडी दाखवतो तसा, आणि म्हणत, "थांबा. चौकशी होईल."

चित्र थांबायचं. तो बिचारा हवेतच लटकलेला. काकू आणि मी हसायच्या तयारीत तोंड उघडं ठेवून बसलेल्या. स्वयंपाकाला येणारी यादम्मा पिठाचे हात घेऊन दारात उभी असायची, तिला काही दम निघायचा नाही. "पडिपोयाडु!" ती तेलुगूत ओरडायची, म्हणजे पडला!

"अजून कुठे पडला?" काका शांतपणे म्हणत. "पडण्याआधी कारण असतं. ते आधी बघा."

तुम्ही म्हणाल, कुठलं हे वेड्यांचं घर. पहिल्या दिवशी मलाही अगदी तसंच वाटलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघरी जाऊन लोकांचे अडलेले गुडघे, खांदे, कंबरा हलवायचं काम करते. माझा जन्म, शाळा, लग्न सगळं हैदराबादेतच. घरात मराठी, रिक्षावाल्याशी दख्खनी, शेजारणीशी तेलुगू, आणि डोकं फिरलं की तिन्ही एकदम. विद्यानगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी मला बोलावणं आलं ते काकूंसाठी. न्हाणीघरातून बाहेर येताना त्या पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, आणि असं सुरेख जुळलं की एक्स-रे फ्रेम करून लावावा. डॉक्टर म्हणाले, चाला. काकू म्हणाल्या, नाही.

"दुखतं का काकू?"

"छे गं."

"मग?"

"मला भोवळ आली होती. परत आली तर?"

बस, एवढंच. पण ही एवढीशी गोष्ट फार वाईट असते हो. माणूस महिनोन्‌महिने चालला नाही की पायांतलं बळ ओसरतं, आणि एक दिवस खुर्ची कायमची होऊन बसते. अशी माणसं मी पाहिली आहेत. काकू सोबतीला वॉकर घेऊन पलंगापासून खुर्चीपर्यंत चार पावलं टाकायच्या, तीही माझा दंड असा आवळून की घरी गेल्यावर नवरा विचारायचा, कुणाशी मारामारी केलीस? त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. कान, डोकं, हृदय, रक्तदाब. कशात काही निघालं नाही. आणि काही निघालं नाही याचीच काकूंना जास्त धास्ती. "कारण सापडत नाही म्हणजे मोठंच काहीतरी असणार," त्या म्हणायच्या.

काका सिकंदराबादला रेल्वेत होते, सेफ्टी खात्यात. कुठे काही घसरलं, आदळलं, कुणी पडलं-झडलं की तिथे जायचं, कारण शोधायचं आणि कागदावर जबाबदार माणसाचं नाव लिहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नोकरी संपली, खोड काही जाईना. दूध उतू गेलं, चौकशी. कुकरची शिट्टी उडाली, चौकशी. एकदा त्यांच्या दारात माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर मला स्टुलावर बसवून त्यांनी माझा जबाब घेतला.

"चप्पल कधी घेतली?"

"आठवत नाही काका."

"शेवटची दुरुस्ती?"

"केलीच नाही."

"देखभालीत हयगय. जबाबदार, स्वतः." आणि मग आत जाऊन काकूंची चप्पल आणून दिली, घरी जायला. काकूंना तशीही ती लागत नव्हती. हे ते बोलले नाहीत, पण चप्पल देताना त्यांचा चेहरा पडला होता.

सिनेमांचं वेड मात्र नोकरीच्याही आधीचं. लहानपणी ते रेल्वे कॉलनीत राहत. तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये पांढरी चादर बांधून जुने अमेरिकन विनोदी मूकपट दाखवत. काळे-पांढरे, भराभर पळणारे, आणि ज्याला त्याला कशावरून तरी पाडणारे. त्यांच्या मुलानं तसलेच सिनेमे गोळा करून पेनड्राइव्हवर भरून दिले होते. सकाळी अकराला मी पोचायची तेव्हा टीव्ही लावलेला असायचा, आणि काका रिमोट घेऊन बसलेले.

खरं सांगू का, मला पहिल्यांदा वैतागच आला. पडण्याच्या भीतीनं जी बाई उठत नाही तिला दिवसभर पडणारी माणसं दाखवायची, म्हणजे कमालच झाली. मी तसं बोललेसुद्धा. काका म्हणाले, "बाई, तुम्ही बघा तर खरं. यांच्यात कुणी उगीच पडत नाही. प्रत्येकाला कारण आहे. हिला तेच दाखवायचंय."

"यांच्यात नसतील पडत," काकू म्हणाल्या. "मी पडले ना उगीच."

रिमोटच्या मागचं झाकण काढून काकांनी सेल बघितले आणि झाकण परत लावलं.

पण चौकशी बघण्यासारखी असायची हां. एकात एक माणूस खांद्यावर लांबलचक शिडी घेऊन चाललाय. तो गर्रकन वळतो आणि मागून येणाऱ्या जाड्या पोलिसाला शिडीचा असा तडाखा बसतो की तो थेट चुन्याच्या पिंपात. थांबा! चौकशी होईल.

"शिडीवाला वळला का?" काका.

"मागून हाक मारली," मी.

"कुणी?"

"बेकरीवाल्यानं."

"का?"

"त्याचा कुत्रा सुटला म्हणून," काकू.

"कुत्रा सुटला का?"

"खाटकाच्या गाडीवर मटण होतं!" यादम्मा. तिला मराठी सगळं समजायचं, सोयीनुसार.

"मग जबाबदार कोण?"

"कुत्रा," आम्ही तिघी एका सुरात.

"कुत्र्याला नोटीस देता येत नाही," काका गंभीरपणे म्हणत. "दोरी ज्यानं सैल बांधली तो." मग सिनेमा मागे नेऊन ती दोरी दाखवत. आणि खरंच हो, दोरी सैल असायची! शंभर वर्षांपूर्वी कुठल्या तरी अमेरिकेतल्या रस्त्यावर कुणीतरी सैल बांधलेली दोरी विद्यानगरात पकडली जायची. मग ते बटण दाबत, पोलीस एकदाचा धपकन चुन्यात पडे आणि आम्ही हसून हसून लोळायच्या बेतात असू. काकू हसायच्या तेव्हा आधी आवाजच यायचा नाही, नुसते खांदे गदगदायचे, आणि मग एकदम कुकरसारखी शीळ सुटायची. त्या शिळेनं आम्ही परत हसायचो.

मीही मग हुशारी केली. काकूंचा व्यायाम सिनेमाला जोडून टाकला. कुणी पडायला आलं की खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ वर उचलायचा आणि तो माणूस जमिनीवर आपटेपर्यंत खाली आणायचा नाही. यात गंमत अशी की काका मधेच सिनेमा थांबवत. माणूस हवेत, काकूंचा पाय हवेत, आणि काका निवांतपणे साक्षी तपासतायत.

"अहो, निकाल द्या लवकर! पाय थरथरतोय माझा!"

"घाईत दिलेला निकाल टिकत नाही."

"अहो मेल्या कुत्र्याला फाशी द्या, पण त्या माणसाला पाडा हो!"

महिन्याभरात काकूंच्या मांडीत असं बळ आलं की मीच चकित झाले. पाय तयार, कंबर तयार, सगळं तयार. उभ्या राहिल्या की मात्र डोळे गच्च मिटायच्या आणि माझा दंड धरायच्या. "आली बघ भोवळ," म्हणायच्या. आली नसायची. मी नाडी बघायची, ती नुसती भीतीनं धावत असायची. त्या दिवसांत घरी जाताना जिन्यात मला रडू यायचं. म्हणजे, इतकी हसणारी बाई, आणि आपल्या हातून ती सुटत चालली आहे, हे कळत होतं.

आता त्या खराब सिनेमाचं सांगते. यादीत एक सिनेमा होता, त्याच्यावर आलं की काका झटकन पुढे जात. "तो खराब झालाय. मधेच अडकतो." एकदा झालं, दोनदा झालं. काकूंच्या ते डोक्यात बसलं. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचा झटकन हललेला अंगठा बायकोला दिसणार नाही होय?

एक दिवस खालून वॉचमननं गॅस सिलिंडर आल्याची हाक मारली आणि काका खाली गेले. काकू लगेच खुर्चीतून माझ्या कानाशी वाकल्या. "लाव गं तो खराब."

"नक्को काकू, ओरडतील."

"हौ, ओरडू देत. लाव."

लावला. कसला खराब! काचेसारखा स्वच्छ. एक कामगार रस्त्यात खड्डा खणतो. मोठा शहाणा माणूस. लोकांनी पडू नये म्हणून खड्ड्याआधी धोक्याची पाटी लावतो. पाटी सरळ लागली का बघायला एक पाऊल मागे जातो. मान तिरकी करतो. पुढे येऊन पाटी थोडी हलवतो. परत मागे. अजून मागे. आणि स्वतःच खड्ड्यात! मग त्याला बघायला एक बाई धावत येतात, त्या पाटीला अडखळून त्याच्या डोक्यावर. मग पोलीस, पाटीला अडखळून बाईंच्या डोक्यावर. मग पाववाला, टोपलीसकट. एवढा सुंदर सिनेमा या माणसानं आमच्यापासून लपवून ठेवला म्हणून मला रागच आला. काकूंची शीळ सुटली, यादम्मा दारातच फतकल मारून बसली, आणि मी डोळे पुसतेय तोवर काका सिलिंडरवाल्याला वाटेला लावून आत आले.

टीव्हीकडे बघून ते जागच्या जागी उभे राहिले.

"थांबव गं," काकू मला म्हणाल्या. त्यांनी हात ताठ पुढे केला, थेट काकांसारखा. "चौकशी होईल! आज मी घेणार. बोला हो, हे सगळे पडले कशानं?"

"पाटीनं," काका म्हणाले.

"पाटी कशासाठी होती?"

"कुणी पडू नये म्हणून."

"मग चुकलं कुठे?"

"वाटेत लावली. पाटी बाजूला लावायची असते, चालायच्या वाटेत नाही. हे त्याला माहीत असायला हवं होतं. हेच त्याचं काम होतं."

"शाब्बास! जबाबदार कोण?"

"मी."

आम्ही परत हसलो. आम्हाला वाटलं, हाही खेळच. पण काका आतल्या खोलीत गेले, स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन ते बाहेर आले. चादर काढली. पिवळ्या प्लॅस्टिकची पाटी होती ती, तंबूसारखी दोन पायांवर उभी राहणारी. हॉटेलात, दवाखान्यात फरशी ओली असली की ठेवतात तसली. वर एक काळा माणूस, दोन्ही पाय हवेत, घसरताना. त्यांनी ती आमच्यासमोर जमिनीवर उभी केली.

"आबिड्सच्या बाजारातून आणली होती," ते म्हणाले. "यादम्मा सकाळी फरशी पुसते, तू घसरशील म्हणून. तू आंघोळीला गेलीस तेव्हा दाराबाहेर ठेवली. तुझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. केसांना पंचा होता. तू बाहेर आलीस आणि पाय अडकला."

काकूंना काही समजेना. "मग ही दिसली कशी नाही मला?"

"मी बाजूला फेकली. तुला उचलायचं होतं. मग दवाखान्यात तू शुद्धीवर आलीस आणि म्हणालीस, मला भोवळ आली बहुतेक. मी म्हटलं, हो. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगवेना. आयुष्यभर लोकांची नावं लिहिली गं मी, स्वतःचं लिहिता येईना. म्हटलं सिनेमे दाखवावेत, तिला आपोआप कळेल की कुणी उगीच पडत नाही."

"म्हणजे मला भोवळ आली नव्हती?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"डोक्यात काही नाही माझ्या?"

"काही नाही."

"कानात ते गार पाणी घातलं माझ्या! डोकं त्या मशीनच्या बोगद्यात घातलं! तुम्ही बाहेर बसून नारळपाणी पीत होता! सात महिने!"

आणि काकू उठल्या. मी व्यायामासाठी आणलेला गुंडाळलेला टॉवेल त्यांच्या हाताला लागला, तो त्यांनी उगारला. काका एक पाऊल मागे सरकले. काकूंनी समोरचा वॉकर डाव्या हातानं असा बाजूला ढकलला की तो सोफ्यावर जाऊन पडला. काका जेवणाच्या टेबलामागे गेले. काकू टेबलाच्या या बाजूनं. काका त्या बाजूनं. "अगं ऐक तरी!" "काय ऐकू!" यादम्मा ओरडायला लागली, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा!" म्हणजे हळू, हळू, आणि ती कुणाच्या बाजूनं होती हे तिलाही माहीत नव्हतं. मी तर दोन्ही हात पसरून काकूंच्या मागे मागे. धरू का नको धरू? माझी सगळी विद्या सांगत होती धर, आणि मी काय करत होते तर पावलं मोजत होते. आठ. नऊ. दहा. अकराव्या पावलाला टॉवेल काकांच्या पाठीत बसला, चांगला सणसणीत.

मग काकूंच्या लक्षात आलं की आपण टेबलाच्या पलीकडे उभ्या आहोत आणि आपल्याला कुणीच धरलेलं नाही. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. खांदे गदगदायला लागले. मला वाटलं, आता रडणार. शीळ सुटली! काका पाठ चोळत उभे, डोळ्यांतून पाणी, आणि तेही हसतायत. मी त्यांच्यापेक्षा जास्त रडले, कबूल करते. आनंदानंच रडले, पण रडले.

तीन दिवस काकू त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. यादम्मामार्फत निरोप चालायचे, म्हणजे दोघांच्या मराठीचं तेलुगू होऊन परत मराठी व्हायचं, एका खोलीतल्या एका खोलीत. मग चौथ्या दिवशी काकांनी आपल्याविरुद्धचा रीतसर अहवाल फुलस्केपवर लिहून काकूंपुढे ठेवला, खाली शिक्षेसाठी जागा मोकळी. काकूंनी चष्मा लावून तो सगळा वाचला, एक काना राहिला होता तो घातला, आणि मोकळ्या जागेत लिहिलं, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला यायचं. मला धरायचं नाही.

काका जाऊन आता वर्ष होईल. झोपेत गेले, कुणाला काही त्रास न देता. काकू ठणठणीत आहेत, एकट्या भाजीला जातात, भाजीवाल्याशी भांडतात, आणि मला महिन्यातून एकदा नुसतं गप्पा मारायला बोलावतात. मी जाते. टीव्हीसमोरच्या काकांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मात्र मला आवडत नाही.

मला काका आठवतात ते युनिव्हर्सिटीच्या झाडांखालच्या रस्त्यावरचे. माझं काम संपलं होतं, तरी कधी कधी संध्याकाळी मी उगीच तिकडून घरी जायची, दोघांना बघायला. काकूंना धरायची बंदी, म्हणून काका त्यांच्या चार पावलं पुढे, उलटे चालायचे. नजर काकूंच्या पायांवर. वाटेतला खडा बाजूला कर, काटकी उचल, पान दूर सार. येणारे-जाणारे बघून हसायचे, काकांना पत्ता नसायचा.

एका संध्याकाळी मी लांबूनच बघितलं. काकांच्या मागे माळ्यानं झाडाला पाणी घालायला खणलेलं आळं होतं. काकूंना ते दिसलं, त्यांनी हात केला, पण हसू आधी आलं आणि शब्द फुटेना. काकांना वाटलं, काकू हसत हसत आपल्याला हात करतायत, म्हणून खुशीत येऊन ते अजून जरा मागे सरकले. दोन्ही पाय वर, आणि थेट ओल्या मातीत बसकण.

मी पर्स सांभाळत धावत सुटले. त्या अवघडलेल्या खुब्यानं काकूंना वाकून त्यांना उठवता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं. त्यांनी एक हात झाडाला लावला, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि हळूहळू, मी सक्त मनाई केलेली असताना, खाली बसल्या. त्यांच्या शेजारी, मातीत, पाय लांब पसरून.

"क्या हुआ अंकल? गिर गए क्या?" सायकलवरनं जाणाऱ्या एकानं विचारलं.

"नई बाबा, कुछ नहीं हुआ," काकू म्हणाल्या. "बैठे हैं."

मी वाटेतच थांबले. काका काकूंच्या साडीला लागलेली माती झटकत होते, आणि त्यांच्या चिखलाच्या हातांनी ती जास्तच माखत होती. काकू त्यांना काहीतरी बोलत होत्या, ते मला ऐकू आलं नाही. दोघांनाही उठायची काही घाई नव्हती.